तिथी पाहून सुटणारी बस

कोकणच्या सहलीचं छापील पत्रक एका नजरेत वाचून होतं. चार रात्री, पाच दिवस, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, चहा-नाश्ता-जेवणासह. जे त्यात छापलेलं नसतं ते असं की गुहागरहून सकाळी सातला निघायचं की नऊला, हेदवीला आधी थांबायचं की नंतर, समुद्र खिडकीच्या कुठल्या बाजूला ठेवायचा आणि दुपारी दोन वाजता बस सड्यावर असावी की सावलीत. या गोष्टी टूरवाला घरी बसून ठरवतो. त्याच्या टेबलावर नकाशा असतोच, पण शेजारी पंचांगही असतं, आणि अर्धं काम त्या पंचांगावरच होतं.

आधी हंगाम. गणपती उठले, चाकरमानी परतले, की कोकणातले रस्ते आणि खोल्या एकदम मोकळ्या होतात. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हा पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत माणसं शुभकार्यं टाळतात आणि सहलीही टाळतात, त्यामुळे दर उतरलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत ज्या खोलीसाठी तीन ठिकाणी फोन करावे लागतात, ती आता मालक स्वतः फोन करून देऊ करतो. माझं मत विचाराल तर कोकण बसमधून पाहायला वर्षातले हेच दिवस सर्वांत चांगले. भात उभं असतं, ओहळ वाहते असतात, आणि ऑक्टोबरची काहिली अजून पुरती सुरू झालेली नसते. अडचण एकच, हत्ती. हस्त नक्षत्राचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, तासभर झोडपतो आणि निघून जातो. म्हणून या दिवसांतली नीट आखलेली सहल उघड्यावरची सगळी कामं दुपारी दोनच्या आत उरकते.

मग बस. पन्नासजण जमले म्हणून मोठी बारा मीटरची गाडी घेणं किफायतशीर दिसतं, पण किनाऱ्यावरच्या गावांत ती अडते. गुहागरपासून मालवणापर्यंत जुन्या गावांचे रस्ते माडाफोफळीच्या दोन आगरांमधून जातात. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर विजेच्या तारा, आणि समोरून एसटी. तिथे सत्तावीस ते पस्तीस आसनांची गाडी वळते, मोठी वळत नाही. मोठी गाडी मग गावाबाहेर उभी राहते आणि आजी-आजोबांना रिक्षाने आत न्यावं लागतं. स्वतःचा गट असेल तर एसटीची गाडीही प्रासंगिक करारावर मिळते. आसनं साधी असतात, पण चालकाला रस्ता आणि घाट पाठ असतो, ही सोय लहान नाही.

पुण्याकडून येणारी बस उंब्रजला महामार्ग सोडते, पाटण आणि कोयनानगर मागे टाकते आणि कुंभार्ली घाटात शिरते. घाटाबद्दल प्रवाशाला एवढंच ठाऊक असलं तरी पुरे की ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा चालकांचा जुना नेम आहे. गाडी इंजिनच्या ताकदीने रोखून धरायची. सतत ब्रेक दाबले तर ते तापतात आणि पकड सोडतात. उतरताना इंजिन मोठ्याने घुमत असेल तर चालक जाणता आहे असं समजावं. पोट ढवळणाऱ्यांनी पुढच्या चाकांच्या आसपास बसावं, लांबवर नजर ठेवावी, आणि कोयनानगरला भरपेट मिसळ खाण्याचा मोह टाळावा. टूर मॅनेजरच्या खिशात आवळासुपारी आणि लिमलेटच्या गोळ्या असतात त्या इथे बाहेर निघतात.

घाट उतरला की खरी गंमत सुरू होते, कारण कोकणचा किनारी रस्ता इतर रस्त्यांसारखा नाही. सह्याद्रीपासून समुद्र इथे सरळ रेषेत फार तर पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्या अंतरात नद्या उड्या मारत खाली येतात, आणि त्यांच्या मुखाशी समुद्र दरीत आत घुसलेला आहे. त्या आत घुसलेल्या पाण्यालाच आपण खाडी म्हणतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, मग काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, आणि मालवणच्या पलीकडे कर्ली. दोन खाड्यांच्या मधला भाग म्हणजे जांभ्या दगडाचं उंच, सपाट पठार. त्याला सडा म्हणतात. सड्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून वाळूची अरुंद पुळण, आणि तिच्यामागे आगरं आणि गाव.

हे एकदा लक्षात आलं की बसमधला प्रत्येक दिवस वाचता येतो. पूल ओलांडला, चढ लागला, झाडी विरळ झाली, गाडी सड्यावर आली, वारा सुटला, दूरवर समुद्राची रेघ दिसली, मग नागमोडी उतार, फोफळी, गाव, देऊळ, पुळण. पुन्हा चढ. हाच क्रम दिवसभर चालतो. सरासरी वेग तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर जात नाही, आणि पत्रकातलं 'अंतर फक्त ऐंशी किमी' हे वाक्य म्हणूनच फसवं असतं. समोरच्या काठावरचं गाव दिसत असतं, माणसांच्या हालचालीसुद्धा ओळखू येतात, पण तिथे पोचायला पुलासाठी कितीतरी आत जाऊन परत बाहेर यावं लागतं. पूल आत बांधले जातात कारण तिथे खाडी अरुंद असते. मुखाशी मात्र किल्ला असतो. बाणकोट, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, सगळे खाडीच्या तोंडावर, कारण गलबतं तिथूनच आत शिरत. एखाद्या वळणावर गाइड 'आता किल्ला दिसेल' म्हणाला तर तो आठवणीवरच बोलत असेल असं नाही; खाडी जवळ आल्याचं त्याला रस्त्याच्या उतारावरून कळलेलं असतं.

वळसा टाळायचा दुसरा मार्ग म्हणजे फेरीबोट. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे लागते. गुहागरहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्यांना तवसाळ-जयगड. सपाट बुडाची ही बोट, पुढे-मागे लोखंडी फळ्या. किनाऱ्याला फळी टेकते, गाड्या आत जातात. बस शक्यतो मध्यभागी घेतात, म्हणजे बोट एका अंगाला कलत नाही. भोवती मोटारी आणि कडेला दुचाक्या. जाणता टूर मॅनेजर प्रवाशांना चढण्याआधीच बसमधून उतरवतो. गाडीचं वजन कमी होतं आणि चालकाला मागचं नीट दिसतं. अडचण येते ती ओहोटीला. पाणी खाली गेलं की बोटही खाली जाते आणि धक्क्यावरून फळीवर उतरणारा कोन तिरका होतो. मोटार सहज जाते. बसचं मागच्या चाकांपलीकडे लांबलेलं शेपूट मात्र जमिनीला घासतं. म्हणून बस घेऊन येणारे भरतीच्या आगेमागे येतात, आणि इथे पंचांग उघडावं लागतं.

भरतीचा हिशेब कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडी येतो: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तासाचा ठोकताळा त्याच्या जवळ जातो. हे गणित मुंबईच्या आसपास चांगलं जुळतं. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणात, भरती थोडी आधी येते. बंदर खात्याच्या छापील कोष्टकाची बरोबरी याने होत नाही, पण सहल आखायला पुरतं.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग. उधाणात मुंबईला चढ-उतारातला फरक चार मीटरच्या वर जातो. मालवणकडे तो दोनेक मीटर.

आता हे हेदवीला लावून पाहू. हेदवीच्या किनाऱ्याला, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, कातळात एक अरुंद चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या चिरेत कोंडली जाते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती फट दिसते. पत्रकात 'बामणघळ' छापलेलं असतं आणि बस दुपारी बाराला पोचते, पण त्या दिवशी अष्टमी असली तर प्रवाशांना ती फटच पाहायला मिळते आणि ते चारचौघांत टूरवाल्याला नावं ठेवतात. सर्वपित्री अमावास्येच्या आसपास मात्र तिथीच मदतीला येते. भरती अकराच्या सुमाराला. गुहागरहून सकाळी नऊला निघायचं, हेदवीतल्या दशभुज गणपतीचं दर्शन घ्यायचं, अकराच्या आत बामणघळ. तिथून तवसाळला बारा-साडेबाराला पोचलं तर खाडीत अजून भरपूर पाणी असतं आणि बस बोटीवर सुखाने चढते. गणपतीपुळ्याला संध्याकाळी पाचला पूर्ण ओहोटी, म्हणजे चालायला लांबरुंद, कडक वाळू. एका तिथीवर सगळा दिवस बसतो. म्हणून सहलीची तारीख निवडता येत असेल तर मी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या अलीकडचे-पलीकडचे दोन दिवस सुचवेन.

फक्त त्या लांबरुंद वाळूवर चालायचं, पाण्यात शिरायचं नाही. पावसाळ्यात लाटांनी किनाऱ्याजवळची वाळू उकरलेली असते, खड्डे बुजलेले नसतात, आणि ओहोटीचं पाणी आत ओढतं. गणपतीपुळ्याच्या समुद्राने पोहता येणारी माणसंही नेली आहेत. टूर मॅनेजर घसा कोरडा करून हे सांगतो तेव्हा त्याचं ऐकावं.

सहल दक्षिणेला जात असेल तर समुद्र उजव्या हाताला राहतो. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे समुद्र आणि आपण यांच्यामध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग येते. परतीला उत्तरेकडे येताना समुद्र डावीकडे, अगदी खिडकीखाली. मग सगळे टूरवाले उलट दिशेने का जात नाहीत? जातात काहीजण. पण दक्षिणेकडे जाण्यात एक फायदा आहे: लांब, कंटाळवाणा महामार्ग शेवटच्या दिवशी येतो, जेव्हा सगळे थकलेले असतात आणि खिडकीबाहेर पाहायची कुणाला हौस नसते. ऊन हा दुसरा मुद्दा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्याच बाजूला. जी आसनं सकाळी सर्वांना हवी असतात तिथलेच पडदे चारला ओढले जातात. त्यामुळे आरे-वारेसारखा रस्ता, जिथे गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या मध्ये गाडी कड्यावरून समुद्राला धरून धावते, तो शक्यतो सकाळी घ्यावा. पाणीही तेव्हा निळं दिसतं. दुपारी ते नुसतं चकाकतं.

आसनांची भांडणं मिटवायला रोज अदलाबदल असते. बहुतेक ठिकाणी रांगा पुढे-मागे सरकतात, पण बाजू तीच राहते. किनाऱ्याच्या सहलीत बाजूही बदलायला हवी. बुकिंग करताना हे विचारलंत तर समोरचा माणूस क्षणभर थांबेल. त्या थांबण्यावरून त्याने आधी विचार केला आहे की नाही ते कळतं.

उन्हाळ्यात ज्या सड्यावर काळ्या-तांबड्या कातळाशिवाय काही नसतं, तिथे पावसाळ्याच्या शेवटी फुलांचे गालिचे असतात: तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, आणि सखल, पाणथळ जागी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. या शेवटच्या फुलाकडे वाकून पाहावं. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम असतो आणि पाऊस त्यातलं पोषण धुऊन नेतो. नायट्रोजन मिळत नाही म्हणून ही वनस्पती पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत पकडते. शेजारीच दवबिंदू असतो, तो चिकट केसांवर किडे धरतो. वीस मिनिटांचा थांबा पुरतो, पण वाट सोडून फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांना गाइडने स्पष्ट शब्दांत उठवायला हवं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सडा वाळून पिवळा पडतो. त्याच कातळावर कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती त्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, अठराएक मीटर लांब. ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. जमिनीवरची उथळ रेघ डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही, तिरक्या उन्हात सावली पडते आणि आकार उठतो. रत्नागिरीहून विजयदुर्गाकडे जाताना कशेळी सकाळीच वाटेवर येतं, हे चांगलं.

रत्नागिरीत मुद्दाम थांबण्यासारखं ठिकाण म्हणजे थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि इथे आणून ठेवलं. राजवाडा 1910 मध्ये झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. टिळकांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर बहुतेक सहली तासाभरात उरकतात.

गाइडची पारख विजयदुर्गावर होते. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत, आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इथूनच इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने हेलियमचा शोध लावला, असं ठासून सांगितलं जातं. ग्रहण खरं आहे, खग्रासाचा पट्टा या भागातून गेला हेही खरं. पण नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहण पाहिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने, आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच न्याहाळली. गोष्ट चुकीची असली तरी मोडायला गाइड तयार नसतात, टाळ्या तिलाच पडतात. ज्याला दोन्ही सांगता येतं, म्हणजे लोक काय म्हणतात आणि घडलं काय, तो आपल्या पैशाला जागला. तसंही विजयदुर्गाला हेलियमची गरज नाही. तिहेरी तटबंदी आहे, आंग्र्यांचं आरमार आहे, आणि 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो इंग्रजांनी घेतला, त्यात पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली, ही अवघड हकीकत आहे. ती सांगताना बसमधले लोक गप्प होतात.

बसमधला माइक कसा वापरावा याचंही तंत्र आहे. वस्तू खिडकीत येण्याच्या अर्धा मिनिट आधी सांगायचं, गेल्यावर नाही. डावी-उजवी सांगताना आपण प्रवाशांकडे तोंड करून उभे आहोत हे विसरायचं नाही. जेवणानंतर तासभर तोंड मिटायचं. प्रत्येक थांब्यानंतर मोजणी. डोकी मोजण्यापेक्षा जोडीने विचारावं, 'शेजारचा आहे ना?' दोघंही मागे राहिले असतील तर मात्र ही युक्ती फसते, म्हणून शेवटी एकदा डोकीही मोजतात.

जेवणाचं काम आदल्या रात्री होतं. किनाऱ्यावरच्या खाणावळी घरगुती असतात, तीस माणसं अचानक दारात उभी राहिली तर भाताचा टोपही पुरत नाही. शाकाहारी किती, मासे खाणारे किती, कुणाला सुरमई आणि कुणाला बांगडा, हे आकडे फोनवर जातात. उकडीचे मोदक हवेत तर चोवीस तास आधी. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठलेली असते, त्यामुळे सप्टेंबरअखेर ताटात ताजं येतं. पण पितृपक्ष आणि लागूनच नवरात्र, म्हणून या सहलींत शाकाहाऱ्यांची संख्या निम्म्यापर्यंत चढते. त्यात त्यांचं काही बिघडत नाही. घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं आणि सोलकढी यांच्यापुढे मला व्यक्तिशः सुरमईची फारशी आठवण येत नाही, हे मालवणात मोठ्याने बोलू नये.

मालवणचा दिवस हवामानाच्या हातात असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद राहते आणि सप्टेंबरपासून सुरू होते, तीही बंदरावर धोक्याचा बावटा नसेल तरच. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, लाटा चढतात, म्हणून सकाळी नऊच्या आत धक्क्यावर रांगेत असावं. होडीवाला सहसा तासभर देतो आणि त्याच होडीने परतायचं असतं. तासात काय पाहावं? 25 नोव्हेंबर 1664 ला काम सुरू झालेल्या या किल्ल्याचा दरवाजा समोरून दिसतच नाही, तट वळवून तो लपवला आहे, ते आधी समजून घ्यावं. मग शिवराजेश्वराचं देऊळ. मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तटावरून फेरी मारायला तास पुरत नाही. स्कूबाचे दलाल धक्क्यावरच गाठतात, पण पावसाचा गाळ अजून पाण्यात असतो आणि खाली काही दिसत नाही. ते नोव्हेंबरनंतर करावं. बावटा लागलाच तर धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ ही तजवीज टूरवाल्याकडे तयार हवी. 'बघू उद्या' ही तजवीज नव्हे.

परतीचा रस्ता कसाल, कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर. घाट दुपारच्या गडगडाटाआधी चढायचा म्हणून निघायचं सकाळी लवकर, पण निघता निघता बाजारात तास जातो. आगळाच्या बाटल्या, कोकमं, खाजं, काजू. बाटल्यांची बुचं नीट लावलेली आहेत का हे सामानाचा कप्पा बंद करण्याआधी पाहिलं जातं. आगळाचा डाग कशानेही जात नाही. मालवण ते पुणे हा पल्ला पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि कायद्याने चालकाला दिवसाला आठ तासांचं काम. घाट, जेवण, बाजार धरून आठ तासांत ते बसत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी दुसरा चालक आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. पत्रकात पुण्याला पोचायची वेळ रात्री नऊ लिहिलेली असते. घ्यायला येणाऱ्याला फोन कराड ओलांडल्यावरच करावा.